आशियाई नायिका मारायची सोपी कृती

ऑपेरा लिहायला घेताय? मग नायिका आशियाईच निवडा. युरोपातली बाई क्षयाने मरायला तीन-चार अंक घेते, वर डॉक्टरचा खर्च. आशियाई बाईच्या हाती सुरा दिला की ती आपली आपण आटपते आणि जाताना कुणाला बोलही लावत नाही.

वय पंधरा ठेवा. पुच्चिनीच्या 'मादामा बटरफ्लाय'मधली चो-चो-सान तेवढीच आहे. नागासाकीतलं घर 999 वर्षांच्या कराराने घ्या, पण दर महिन्याला करार मोडायची मुभा ठेवा. लग्नालाही हीच अट लावा. बायकोचा भाव 100 येन. मग नौदलातल्या नवऱ्याला, म्हणजे पिंकर्टनला, तीन वर्षं गायब करा आणि अमेरिकन बायकोसह परत आणा. शेवटी लेकराच्या डोळ्यांवर पट्टी, हातात अमेरिकेचा झेंडा, आणि आई पडद्याआड. इथे प्रेक्षागृहात हमखास रुमाल निघतात.

पहिल्या खेळाला हुर्यो झाली तर डगमगू नका. 17 फेब्रुवारी 1904 ला मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात ती झालीच होती. पुच्चिनीने तीन महिन्यांत डागडुजी केली: लांबलेला दुसरा अंक मधोमध तोडला आणि पिंकर्टनला पश्चात्तापाचं एक छानसं गाणं दिलं. पळून गेलेल्याला गाणं मिळालं. बाई मेली ती मेलीच.

अडचण आहे ती गळ्याची. अख्ख्या वाद्यवृंदावर मात करत जवळजवळ सगळा वेळ गायचं, हे पंधरा वर्षांच्या पोरीच्या आवाक्यातलं नाही. तेव्हा पोक्त गायिका घ्या, चेहऱ्याला पांढरा रंग फासा, तुरुतुरु चालायला लावा. किमोनोची डावी बाजू उजवीवर यायला हवी. उलटी घातली तर ती प्रेताला नेसवायची रीत. वेशभूषाकार इथे नेमका चुकतो. चुकू द्या, बाईला शेवटी तिकडेच जायचंय.

भारतीय माल हवा असेल तर देलिबचं 'लाक्मे' (1883) समोर ठेवा. नायिका ब्राह्मणाची लेक, प्रियकर इंग्रज अधिकारी, शेवट धोत्र्याने. धोत्रा पोटात गेला की तोंडाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात, माणूस तासन्‌तास असंबद्ध बरळतो. लाक्मे तो चावून प्रियकराबरोबर सुरेल द्वंद्वगीत गाते आणि वेळेत प्राण सोडते. देवादिकांचाही घोळ घालायला भिऊ नका. यातल्या प्रार्थनेत दुर्गा गोरी आहे, शिव फिकट आहे आणि गणपतीसकट सगळे ब्रह्मदेवाने घडवलेले आहेत. पॅरिसमध्ये कोण तपासणार?

हल्ली मात्र काही आगाऊ मंडळींपासून जपावं लागतं. डेव्हिड हेन्री ह्वांगने 1988 साली ब्रॉडवेवर 'एम. बटरफ्लाय' हे नाटक आणलं. त्यात फ्रेंच मुत्सद्दी जिच्यावर वर्षानुवर्षं भाळलेला असतो ती चिनी गायिका पुरुष निघते (बालगंधर्वांच्या रसिकांना यात फारसं नवल वाटू नये), आणि शेवटी बटरफ्लायचा वेश चढवून पोटात सुरा खुपसून घेतो तो फ्रेंच माणूस! अशी उलटापालट खपवून घेतलीत तर उद्या टेनरही, म्हणजे नायकाचं काम करणारे गायकही, मरायला लागतील. 2022 मध्ये चिनी कलावंत आय वेवेने रोममध्ये पुच्चिनीचाच 'तुरानदोत' ऑपेरा बसवताना परीकथेतल्या पेकिंगवर निर्वासितांची आणि हाँगकाँगच्या आंदोलनांची दृश्यं सोडली. 2023 साली सिनसिनाटीत मॅथ्यू ओझावाने तर कहर केला. पिंकर्टनच्या डोळ्यांवर व्हीआर हेडसेट! म्हणजे चेरीचा बहर, पंखे, लाजरी बाहुली हा सगळा जपान त्या गड्याच्या डोक्यातला खेळ. प्रेक्षकाला स्वतःच्या नाकावरही तसलंच काही जाणवलं तर पुढच्या हंगामाची तिकिटं कोण काढणार?

म्हणून प्रश्न तुम्हीच विचारा, स्वस्तातले. डोळे तिरके रंगवणं बंद करा आणि त्याची बातमी द्या. स्मरणिकेत 'आजच्या नजरेतून' असं दोन पानी टिपण छापा. पोस्टरवर पाठमोरी, उघडी मान राहू द्या. तिकिटं त्यावर जातात. परिसंवादही घ्या, आशियाई वंशाच्या एका बाईंना बोलवा आणि त्यांना सात मिनिटं द्या. फक्त तो खेळाआधी नको. रात्री पडदा पडल्यावर ठेवा, म्हणजे लोक डोळे पुसत पार्किंगकडे धावत असतील आणि बाईंचं बोलणं रिकाम्या खुर्च्यांना निवांत ऐकता येईल.