प्रात्यक्षिक प्रशिक्षण भरवताय? माझं ऐका!

वन्यप्राण्यांच्या आरोग्याचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण भरवायचंय ना? गेल्या शनिवार-रविवारी दवाखाना बंद ठेवून, ३,५०० रुपये भरून आणि मेगाब्लॉकमध्ये डोंबिवलीहून दादर गाठून मी जे शिकलो, ते तुम्हाला फुकट सांगतो.

हॉल एसी हवा. प्राणी नको, गालिचा खराब होतो.

प्रशिक्षणार्थींना आधी रेबीजची लस द्यायची भानगड नको. प्राणीच नाही, तर चावणार कोण?

दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मनोगतं यांना दीड तास द्या. ब्लोपाइपला, म्हणजे फुंकून जनावराला भुलीचं इंजेक्शन मारायच्या नळीला, ७ मिनिटं पुरतात, तीही लांबून. "हात लावू नका, महाग आहे." अहो, बिबट्या काही वजनकाट्यावर उभा राहत नाही! केटामाइन-झायलाझिन या भुलीच्या औषधांचा डोस नजरेच्या अंदाजावर भरायचा असतो. मादी ३० किलोची असेल, नर ६०चा. अंदाज चुकला तर जनावर अर्धवट शुद्धीत अंगावर येतं, नाहीतर पुन्हा उठतच नाही. ही नजर स्लाइड बघून येते का? त्याला बिबट्याही लागत नाही. पोत्यांत वाळू भरा, वजन ओळखायला लावा. डार्टमध्ये, म्हणजे नळीतून सुटणाऱ्या सुईच्या बाणात, पाणी भरा, थर्माकोलवर ५० वेळा फुंकायला लावा. खर्च किती? तुमच्या एका शालीएवढा!

मेलेल्या कुत्र्याची कवटी न फोडता मानेकडच्या छिद्रातून साध्या स्ट्रॉने रेबीज तपासायला मेंदूचा नमुना घेता येतो, हे पडद्यावर दाखवा. खरी स्ट्रॉ फक्त नारळपाण्यात द्या.

गिधाडांची स्लाइड हवीच. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं मरतात, म्हणून गुरांसाठी त्यावर २००६ची बंदी, सगळ्यांना पाठ आहे. पण मेलेलं गिधाड चिरायचं कसं, या विषबाधेची खूण म्हणून काळजावर खडूसारखा पांढरा थर बघायचा कुठे, ते विचारू नये. देवनारच्या कत्तलखान्यातून बकऱ्याची चार काळजं आणून निदान सुरी तरी धरायला लावली असती.

परदेशातल्या एमआरआयचे फोटो भरपूर दाखवा. शेजारचा शहापूरकडचा डॉक्टर म्हणाला, "सर, आमचा लशींचा फ्रीजच बंद पडतो, त्याचं काय करू?" त्याला सांगा, प्रश्न शेवटी. शेवटी ग्रुप फोटो ठेवा.

उद्या आरेत कुणाच्या जिन्याखाली बिबट्या शिरला की याच प्रमाणपत्रवाल्याला बोलावतील. खाली हजार माणसं मोबाइल घेऊन उभी असतील, आणि हा आयुष्यात पहिल्यांदा नळीत फुंकणार. जीव त्याचा जाईल किंवा बिबट्याचा, तुमचं काय जातंय? लाज कशी वाटत नाही? प्रमाणपत्रावर ठळक छापलंय, "प्रत्यक्ष हाताळणीसह". काय हाताळलं हो आम्ही? बटाटेवड्याची डिश?