‘अलाकाई’ बुडाली नव्हती हो!

माझा आतेभाऊ कॅनडातल्या हॅलिफॅक्सला असतो. येत्या उन्हाळ्यात आत्याला घेऊन यार्मथहून बोटीने अमेरिकेतल्या बार हार्बरला जायचा त्याचा बेत आहे. आणि नेमकं आताच आत्याच्या मोबाइलवर एक फॉरवर्ड येऊन धडकलं. मजकूर थोडक्यात असा: “सावधान! ‘द कॅट’ म्हणून चालणारी बोट म्हणजे हवाईतून हाकललेली ‘अलाकाई’. कॅटामरान (दोन सांगाड्यांच्या बोटी) मोठ्या लाटेत उलटतात. 2009 मध्ये ही बुडता बुडता वाचली, म्हणून कोर्टाने बंदी घातली. अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात विरघळतं. नौदलानेही ती भंगारात काढली. शिवाय सर्फबोर्डवाल्या रिकामटेकड्यांनी चांगला प्रकल्प बुडवला.”

आत्या तिकिटं रद्द करायला निघाली होती. ज्याने हे लिहिलं त्याला एकच विचारावंसं वाटतं: बोट वाईट होती की प्रकल्प चांगला होता? एकदा काय ते ठरव बाबा.

पहिलं वाक्य खरं आहे. अलाबामातल्या मोबील इथे ऑस्टल या जहाज बांधणाऱ्या कंपनीच्या गोदीत 2007 मध्ये तयार झालेली, सुमारे 107 मीटर लांबीची, 866 प्रवासी आणि 282 गाड्या नेणारी ‘अलाकाई’ हीच आजची ‘द कॅट’. त्यानंतरचं बहुतेक सगळं मनाचं.

“बुडता बुडता वाचली म्हणून कोर्टाने बंदी घातली.” हे धादांत खोटं आहे, आणि घाबरवतंय तेही हेच. कोर्टाचा आणि बोटीच्या बांधणीचा काडीचाही संबंध नव्हता. ‘हवाई सुपरफेरी’ ही कंपनी हवाईच्या बेटांमध्ये ‘अलाकाई’ चालवणार होती. तिच्यासाठी बंदरांत जी कामं करायची होती, त्यांना राज्याच्या वाहतूक खात्याने 2005 मध्ये पर्यावरण तपासणीतून परस्पर सूट देऊन टाकली. 23 ऑगस्ट 2007 ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही सूट चुकीची, तपासणी हवीच. कंपनीने काय करावं? थांबायचं सोडून ठरलेल्या तारखेच्या आधीच, 26 ऑगस्टला, पाच डॉलरच्या तिकिटावर फेऱ्या सुरू केल्या! पुढे विधिमंडळाने खास अधिवेशन भरवून कायदा केला: तपासणी होत राहील, तोवर बोट चालू दे. गव्हर्नर लिंडा लिंगल यांनी सही केली आणि 13 डिसेंबरपासून होनोलुलू–माउई फेरी पुन्हा सुरू झाली. 16 मार्च 2009 ला न्यायालयाने तो कायदाही घटनाबाह्य ठरवला. हवाईच्या घटनेप्रमाणे राज्याच्या मालकीच्या जमिनींबाबत कायदा करायचा तर तो सर्वांना लागू होणारा हवा. हा एकाच गिऱ्हाइकाच्या मापाने शिवलेला होता. तीन दिवसांनी बोट थांबली, मे महिन्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तो निकाल कुणालाही वाचायला मिळतो. फॉरवर्ड करणाऱ्याने त्याचं पहिलं पान जरी चाळलं असतं तरी आत्याची एक रात्र शांत गेली असती.

सर्फबोर्डवाले होते, खरे आहेत. कवाई बेटावरच्या नाविलिविली बंदरात लोक बोट अडवायला सर्फबोर्ड आणि कयाक घेऊन पाण्यात उतरले आणि कवाईची फेरी जी बंद पडली ती कायमची. पण माउईची फेरी त्यानंतरही, मधला दुरुस्तीचा काळ सोडला तर, सव्वा वर्ष चालली. लोकांची मागणी होती ती आधी तपासणी करा एवढीच. वेगात धावणारी बोट आणि हिवाळ्यात त्याच पाण्यात येणारे देवमासे हा प्रश्न काही कुणी हवेतून काढला नव्हता.

आता “उलटतात”. दोन सांगाडे एकमेकांपासून लांब असल्यामुळे बोट एका बाजूला जरा कलली की खाली गेलेल्या सांगाड्याला पाणी जोरात वर रेटतं आणि बोट झटकन सरळ होते. उलटणं सोपं नाही. पण हे ‘झटकन’च पोटाला सोसत नाही. इथे, नाइलाजाने का होईना, फॉरवर्डला थोडे गुण द्यावे लागतात: पहिल्या हिवाळ्यात माउईच्या वाटेवर प्रवाशांना ओकाऱ्यांनी हैराण केलं, खवळलेल्या समुद्रामुळे फेऱ्या रद्द झाल्या, आणि 2008 च्या सुरुवातीला सहायक सुकाणूंपाशी चिरा सापडल्याने बोट काही आठवडे गोदीत होती. त्रास झाला, गैरसोय झाली. म्हणून बोट बुडायला टेकली होती असं होत नाही.

अ‍ॅल्युमिनियमचं काय बोलायचं! बोटींसाठी मॅग्नेशियम मिसळलेला खास मिश्रधातू वापरतात, त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि तोच त्याला जपतो. पोलादाशी थेट संपर्क आला तर गंजतो, म्हणून मध्ये विलग करणारा थर घालतात. पुढे चला.

“नौदलाने भंगारात काढली.” 2012 मध्ये ही बोट अमेरिकन नौदलाकडे गेली, नाव पडलं ‘प्वेर्तो रिको’. तिची बहीण ‘हुआकाई’ हवाईत प्रवासी घेऊन एकदाही धावली नाही. ती ‘ग्वाम’ झाली आणि ओकिनावाला मरीन सैनिकांची ने-आण करू लागली. ‘प्वेर्तो रिको’ 2016 मध्ये ‘बे फेरीज’ या फेरी चालवणाऱ्या कंपनीला भाड्याने दिली. आधी यार्मथ–पोर्टलंड, मग धक्क्याचं रखडलेलं काम आणि कोविड यांत काही हंगाम वाया, आणि 2022 पासून यार्मथ–बार हार्बर, साधारण साडेतीन तास. भंगाराला भाडं कोण देतं?

ओरडायचंच असेल तर पैशांवर ओरडा. दोन्ही बोटींसाठी सुमारे 14 कोटी डॉलरच्या कर्जाला अमेरिकन सरकारची हमी होती. 2010 च्या लिलावात एकेक बोट अडीच कोटी डॉलरना गेली, आणि घेणारं कोण, तर तेच सरकार. ‘अलाकाई’वर गाड्या चढवा-उतरवायचा स्वतःचा रॅम्प नव्हता, म्हणून बंदरांत तराफे आणि रॅम्प बसवायचा खर्च हवाईच्या करदात्यांच्या माथी आला. आजही ‘द कॅट’ कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांताच्या (यार्मथ तिथलंच) अनुदानावर चालते आणि तो खर्च परवडतो का यावर तिथे दर हंगामात भांडण होतं. त्या भांडणात मी अनुदानाच्या विरोधकांच्या बाजूला आहे.