गणपतीच्या आधी बाथरूम देतो म्हणाला होता

डोंबिवली पूर्वेला आमची १९९४ ची इमारत. सासूबाई ७८ वर्षांच्या, गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. म्हणून जुनं भांडं काढून कमोड बसवायचा, भिंतीला धरायला दांडे लावायचे आणि गंजलेले लोखंडी पाइप बदलायचे, एवढंच काम. कंत्राटदाराने २ लाख ४० हजार आणि २१ दिवस सांगितले. जूनच्या शेवटी तोडफोड सुरू झाली. पहिल्या दहा दिवसांत आमच्या हातून १ लाख ६० हजार गेले होते. "भाव वाढतायत, माल आजच उचलतो," असं तो म्हणायचा आणि आम्ही पैसे पाठवायचो.

तोडून झालं आणि माणसं यायची थांबली. "उद्या नऊला माणूस पाठवतो." मी रजा टाकून घरी. नऊचे बारा, बाराचे चार, मग फोनच उचलायचा नाही. "गणपतीच्या आधी नक्की देतो" म्हणाला होता. गणपती दिरांकडे बसवावा लागला.

सासूबाई कपड्यांची पिशवी घेऊन शेजारच्या ताईंकडे जायच्या. रात्री दुसऱ्याचं दार वाजवावं लागू नये म्हणून संध्याकाळी पाचनंतर त्या पाणीच प्यायच्या नाहीत. आम्हाला हे तीन आठवड्यांनी कळलं, तेही पायात गोळे यायला लागले तेव्हा. कुणी "अहो, ही लाइनच तशी असते" म्हणालं की मला हे आठवतं आणि संताप होतो.

"चौकशी करून माणूस घ्यायचा ना!" असंही ऐकलं. चौकशी केली होती. आमच्याच इमारतीत त्याने दोन वर्षांपूर्वी चांगलं काम केलं होतं, ते डोळ्यांनी पाहूनच त्याला बोलावलं होतं.

खरा प्रकार टाइल्स लावणाऱ्या मिस्त्रीकडून कळला. हा गृहस्थ एका वेळी पाच-पाच कामं घेतो. आमच्या अ‍ॅडव्हान्समधून त्याने आधीच्या कामाची दुकानदाराची उधारी फेडली. आमच्या टाइल्स यायच्या तर आधी त्याला आणखी एक नवं घर फोडायला मिळायला हवं. त्या मिस्त्रीचीही नऊ दिवसांची मजुरी अडकली होती. तेव्हा "कामगारच कामचुकार" असं म्हणू नका. तो बिचारा मालाची वाट बघत आमच्या पॅसेजमध्ये रिकामा बसून राहायचा.

म्हणून माझं ठाम मत झालंय: माणूस कितीही ओळखीचा असो, पैसे झालेल्या कामावर द्यायचे. सुरुवातीला दहा टक्के पुरेत. टाइल्स, नळ, कमोड आपण स्वतः दुकानात जाऊन घ्यायचे, बिल आपल्या नावावर. पुढचे पैसे तोडफोड झाल्यावर, पाइपांना प्रेशर देऊन तपासल्यावर, वॉटरप्रूफिंग झाल्यावर, असे टप्प्याटप्प्याने. शेवटचे दहा-पंधरा टक्के एक महिना वापरून बघितल्यावर. आणि हे सगळं कागदावर, दोघांच्या सह्यांनी. याला नाही म्हणणाऱ्याला काम देऊ नका.

वॉटरप्रूफिंगचं मुद्दाम सांगते, कारण ते टाइल्सखाली झाकलं जातं. सप्टेंबरात कंत्राटदाराने घाईघाईत फरशी बसवून दिली आणि आठ दिवसांत खालच्या काकूंच्या छताला ओल आली. नवीन मिस्त्रीने रुपयाचं नाणं घेऊन एकेक टाइल वाजवून दाखवली. कोपऱ्यातल्या सात टाइल्स पोकळ वाजल्या. उकरलं तर खाली नुसतं सिमेंट. कोटेशनमध्ये "दोन कोट" लिहिलेलं केमिकल कुठेच नव्हतं. आता या नवीन मिस्त्रीने कोट मारले, नहाणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीतून पाणी जायच्या जाळीखालचं, तोंड घट्ट बंद केलं, चार बोटं पाणी भरलं आणि भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. ४८ तास पाणी तसंच ठेवलं. दोन्ही दिवस मी खाली काकूंकडे स्टुलावर चढून छताला हात लावून बघत होते. छत कोरडं राहिलं, त्यानंतरच टाइल्स.

आमचे पैसे गेले ते गेले, असं घरात सगळे म्हणत होते. मला ते पटलं नाही. पैसे घेऊन काम अर्धवट सोडणं ही ग्राहक कायद्याखाली सेवेतली त्रुटी आहे. आधी लेखी नोटीस पाठवली, १९१५ या हेल्पलाइनवर बोलले, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. कामासाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. तक्रार ऑनलाइनही करता येते. कोटेशन, पैसे पाठवल्याच्या पावत्या, त्याचे "उद्या पाठवतो"वाले सगळे मेसेज आणि उकरलेल्या फरशीचे तारखेसह फोटो जोडलेत.

मेसेज काढून टाकू नका हो, वैतागून सुद्धा. माझ्याकडचे ४३ निघाले.

त्या पहिल्या मिस्त्रीचा परवा फोन आला होता. त्याची नऊ दिवसांची मजुरी अजून मिळालेली नाही. आयोगासमोर सांगायला येशील का, विचारलं. "दीदी, तारीख सांगा, येतो," म्हणाला.