स्मारकासमोर फ्लेक्स कसा लावावा

सोलापुरात राहून भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला जागा मिळत नाही म्हणणारा कार्यकर्ता शुद्ध आळशी. चौक भरले, विजेचे खांब भरले, झाडांना खिळे ठोकून झाले, तरी स्मारकं आहेत की! जुन्या लोकांनी लढून, मरून एवढ्या मोक्याच्या जागा आपल्यासाठी करून ठेवल्या. त्यांचं चीज कसं करायचं ते सांगतो.

सुरुवात भुईकोट किल्ल्यापासून करा. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या मन्रोची फौज इथं चालून आली, पेशव्यांच्या बाजूच्या गणपतराव पानशांच्या तोफांनी तिला तोंड दिलं आणि शेवटी किल्ला पडला. हे कुणाला सांगत बसू नका. हरलेल्या लढाईवर मतं मिळत नाहीत. पुण्याचे पाहुणे किल्ला बघायला आलेच, तर ‘इथं फोटो छान येतात’ एवढा इतिहास त्यांना पुरतो. एखादा फारच खोदून विचारायला लागला, तर हुंड्याची गोष्ट सांगा. आदिलशहाच्या बहिणीचं लग्न निजामशहाशी ठरलं, हुंड्यात सोलापूरचा किल्ला द्यायचं कबूल झालं, लग्न लागलं, किल्ला काही दिला नाही. मग त्यावरून दोन्ही घराणी पिढ्यान्‌पिढ्या लढत बसली. म्हणजे सोलापूरच्या बाबतीत शब्द देऊन विसरायची रीत चांगली पाचशे वर्षांची आहे. उजनीहून पाणी आणायची दुहेरी जलवाहिनी वर्षानुवर्षं रखडली, त्यावरून तुम्ही उगाच डोकं तापवून घेतलंत.

बुरुजावर बदाम कोरायचा असेल तर गाडीची किल्ली वापरा. खडू पावसात धुऊन जातो.

सोलापूरच्या चार हुतात्म्यांना हार घालताना तोंड कॅमेऱ्याकडे ठेवा. पुतळे काही तुम्हाला ओळखत नाहीत. १२ जानेवारीला, त्यांच्या फाशीच्या दिवशी, जमलं तर सकाळी लवकरच उरका. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे दिवस असतात, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या गर्दीत गाडी अडकली तर फोटो हुकला म्हणून समजा.

आता चार पुतळ्यांकडे येऊ. फ्लेक्ससाठी याहून सोयीची जागा अख्ख्या जिल्ह्यात नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. चौघं चार समाजांचे. दुसऱ्या कुठल्या पुतळ्यापुढे बांबू रोवून बघा, तासाभरात चौकात दगड येतील. या चौघांपुढे खुशाल रोवा, कुणाच्या भावना दुखत नाहीत. एकत्र फासावर गेले, त्यामुळे कुणा एकाच्या हिश्श्याला आलेच नाहीत बिचारे.

हे मी ऐकीव सांगत नाही. परवा भाचीला शाळेत हुतात्म्यांवर निबंध लिहायचा होता. म्हटलं पुस्तकातून कशाला उतरवतेस, चल, समोर उभं राहून बघ. स्कूटीवर मागं बसवून नेलं. गेलो तर पुतळ्यांच्या पुढ्यात बांबूचा सांगाडा, त्यावर भाऊ. काळा गॉगल, हात जोडलेले, गळ्यात सोन्याचा साज, आणि खाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंच्या चार रांगा. भाऊंच्या खांद्यावरून एका हुतात्म्याचं नुसतं डोकं दिसत होतं. एक पोरगं वर चढून दोरी आवळत होतं.

‘बाळा, जरा बाजूला घे की हे.’

‘बाजूला घेतलं तर सिग्नलवरनं दिसत नाही, काका.’

‘मागं कोण आहे माहीत आहे का तुला?’

‘पुतळे हायत की.’

‘कुणाचे?’

त्यानं मागं वळून बघितलं, जरा विचार केला. ‘कार्पोरेशनचे.’

भाची हसली. मला हसू येईना. एका कार्यालयात फोन लावला, त्यांनी दुसरा नंबर दिला. दुसऱ्यांनी विचारलं, फ्लेक्स कुणाचा आहे? भाऊंचं नाव सांगितल्यावर लाइन कट झाली.

कार्पोरेशनचे! अरे, त्या पोराचं वय काय, त्याला काय बोलू? त्याला कुणी सांगितलंच नसेल, की ८ मे १९३० ला याच गावात शंकर शिवदारे इंग्रजांची गोळी लागून पडला. की त्यानंतर लोक असे पेटले, की इंग्रजांचा अंमल काही दिवस गावातून उठल्यासारखा झाला, आणि तो परत बसवायला सरकारला मार्शल लॉ पुकारावा लागला. नुसती गांधी टोपी घातली म्हणून माणसं धरून नेली. तिरंगा हातात घेणं हा गुन्हा होता. मग खटला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी. ज्या गावात झेंडा धरला म्हणून माणसं तुरुंगात गेली, तिथं आज कुणीही उठतो आणि वाट्टेल त्याचं तोंड वाट्टेल तिथं टांगतो. परवानगीचा क्रमांक शोधून दाखवा एका तरी फ्लेक्सवर!

भाऊंना मी काही म्हणत नाही. त्यांना लाज असती तर गॉगल घालून हुतात्म्यांपुढे उभे राहिले नसते. मी तुम्हाला म्हणतोय. सिग्नलला थांबून वर बघता, ‘फ्लेक्स लई भारी झालाय’ म्हणता आणि गिअर टाकता. त्या चार रांगांत तुमचा भाऊ आहे, साडू आहे, गल्लीतला पोरगा आहे. कदाचित तुम्हीच आहात. वर्गणी दिलीत, फोटो दिलात, वरून स्टेटसलाही ठेवलात. घरी पोरांनी विचारलं, मागं कोण झाकलंय, तर काय सांगणार? कार्पोरेशनचे?

लावा त्या साडूला फोन. भाऊंना शुभेच्छा द्यायच्यात तर त्यांच्या घरी जाऊन दे म्हणावं, पेढे घेऊन जा, पाया पड, काय करायचं ते कर. बांबू मात्र आज रात्रीच काढायला लाव.