उपवासाची वाइन

सहलीच्या जाहिरातीत तीन गोष्टी होत्या आणि त्यांचा क्रम फार विचार करून लावलेला होता: सांस्कृतिक वारसा, निसर्ग आणि स्थानिक वाइन. मराठी कुटुंबाला वाइन प्यायला न्यायचं तर याच रस्त्याने न्यावं लागतं. आधी लेणी, मग पक्षी, आणि मग ‘आलोच आहोत तर’ या सदरात पेला. नुसत्या वाइनसाठी आमच्या घरातून कुणी उंबरठा ओलांडला नसता. वारसा म्हटल्यावर सगळे निघाले. सगळे म्हणजे मी, बायको, नाशिकला राहणारी तिची ताई, ताईचे यजमान म्हणजे माझे साडू, आणि साडूंच्या मातोश्री. आजींना विचारताना ताईने जाहिरातीतले पहिले दोन शब्दच वाचून दाखवले होते.

साडू जन्माचे नाशिककर आणि सहकारी बँकेतून निवृत्त. पांडवलेण्यांचा डोंगर त्यांच्या गच्चीतून दिसतो, त्यामुळे तिथे जायची वेळ त्यांच्यावर कधी आलेली नव्हती. आलेल्या पाहुण्याला ते गच्चीत नेतात, ‘ती पांडवलेणी’ म्हणून बोट दाखवतात आणि खाली आणून गोदावरीच्या पुराच्या गोष्टी सांगतात. पूर किती आला हे ते फुटात सांगत नाहीत. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, असंच सांगतात. अख्खं नाशिक तसंच मोजतं.

बस सुटली आणि ताईला आठवलं की आज संकष्टी.

साडूंची संकष्टी कडक. चंद्र दिसल्याशिवाय अन्न नाही. गाइड मुलगा माइकवरून सांगत होता की आपला पहिला थांबा मिसळीचा आहे, कारण मिसळ हासुद्धा नाशिकचा सांस्कृतिक वारसाच आहे. सकाळच्या पावणेआठला बसमधल्या यच्चयावत प्रवाशांनी या वारशाचं जतन केलं. काळ्या मसाल्याची तर्री, दही, पापड, वर जिलबी. आजींचे उपवास डॉक्टरांनी गोळ्यांमुळे बंद केलेत. त्यांनी मुलाच्या समोर बसून तर्री दोनदा मागून घेतली. साडू शेंगदाण्याचा लाडू चघळत रस्त्याकडे बघत होते.

“तुम्हाला संध्याकाळी पंचाईत होणार,” मी म्हणालो.

“संध्याकाळी काय आहे?” साडूंनी विचारलं. काय आहे ते त्यांना पाठ होतं. पण बसमध्ये एक पथ्य आपोआप पाळलं जात होतं: वाइनचा उल्लेख कुणी करायचा नाही. मागच्या सीटवरचे ठाण्याचे काका तर सातवाहनांसाठीच आलोय असं तीन जणांना सांगून मोकळे झाले होते.

लेण्यांसाठी पाऊण तास ठेवला होता. पायऱ्या चढताना आजी पुढे, साडू सर्वांत मागे. वर चोवीस लेणी आहेत. गाइडचा इरादा चैत्यगृह, एक विहार, एक ग्रुप फोटो आणि खाली, असा असावा. पण दहाव्या लेण्यात त्याच्या तोंडून ‘व्याज’ हा शब्द निघाला आणि सहलीचं वेळापत्रक संपलं.

भिंतीवर ब्राह्मी अक्षरं आहेत. इथला शक राजा क्षत्रप नहपान, त्याचा जावई उषवदात, त्याने दिलेल्या दानांची ही जंत्री. गाई दिल्या, घाट बांधले, नारळाची झाडं दिली. आणि त्यातच एक ठेव. तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, जवळच्या गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, गुंतवले. दोन हजार एका श्रेणीत दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दुसऱ्या श्रेणीत शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून इथे पावसाळ्यात मुक्काम (वर्षावास) करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी.

साडूंची पाठ ताठ झाली. उपवासाची मरगळ उतरली. “दोन हजारावर महिन्याला वीस,” ते भिंतीशी बोलू लागले. “वर्षाचे दोनशे चाळीस. भागिले वीस भिक्षू. बारा! जुळलं!” एकोणीसशे वर्षांमागच्या ठेवीचा ताळेबंद जुळल्याचा त्यांना इतका आनंद झाला की ठाण्याच्या काकांनी टाळी दिली.

“पण बारा टक्के सरळव्याज,” साडू म्हणाले, “आणि दुसरीकडे नऊ. मग सगळी रक्कम पहिल्या श्रेणीत का नाही ठेवली?”

गाइड म्हणाला, असेल काही कारण.

“जोखीम विभागली,” साडूंनी निकाल दिला. “हुशार माणूस. पैसे कुणाचे होते?”

“सासऱ्याचं राज्य होतं.”

साडूंनी माझ्याकडे पाहिलं, मी साडूंकडे. आमच्या समाईक सासऱ्यांनी आम्हाला लग्नात एकेक घड्याळ दिलं होतं.

पुढे तिसरं लेणं. नहपानाचा पाडाव करणाऱ्या सातवाहन राजाची, गौतमीपुत्र सातकर्णीची स्तुती तिथे कोरलीय, आणि ती कोरवून घेतलीय त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो, पूर्णचंद्रासारख्या मुखाचा, डौलदार चालीचा, शक-यवन-पल्हवांचा नाश करणारा आणि आईची अखंड सेवा करणारा. आजींनी शेवटचं विशेषण गाइडकडून पुन्हा वदवून घेतलं. मग साडूंकडे वळून नुसतं बघितलं. ताई लगबगीने खांबावरचं नक्षीकाम पाहायला गेली.

जिंकल्यावर सातकर्णीने नहपानाची चांदीची नाणी काढून घेऊन त्यांवरच आपले छाप मारले. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला, त्यात नऊ हजारांवर नाणी अशी दुबार छापाची होती. यावर साडूंनी नोटबंदीच्या वेळचे बँकेतले दिवस सांगायला घेतले. खरं सांगायचं तर दिवसभरातला हाच तास मला सगळ्यात आवडला. पण खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि निसर्ग आमच्यासाठी थांबणार नव्हता.

थांबला नव्हताच. नांदूर मधमेश्वरला पोहोचेपर्यंत डोक्यावर ऊन आलं होतं. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, पाणथळ झाली, आणि हिवाळ्यात लांबलांबून पक्षी यायला लागले. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ते हेच. पण पक्षी बघायचे ते सकाळी, हे पक्ष्यांनाही ठाऊक असतं. भर दुपारी पाण्याकाठी उभी राहणारी जमात आमचीच.

एका दुर्बिणीमागे पंचवीस माणसांची रांग. पुढचा माणूस “अहाहा, चक्रवाक!” म्हणून बाजूला होतो, आपण डोळा लावतो, आणि आत एक काठी आणि पाणी असतं. माझ्यानंतरच्या बाईंना लगेच चक्रवाक दिसतो. मनोऱ्यावर बोलायला बंदी होती. मिसळ खाऊन चार तास झालेल्या समुदायाला शांततेत उभं करणं धोक्याचं असतं. शेवटी जे काही उडालं ते नेमकं कशाने उडालं यावर बसमध्ये चर्चा झाली नाही.

मला ठळक दिसला तो एकच पक्षी: अंगाने काळा, कपाळावर पांढरा टिळा. थव्याने पोहत होता. त्याचं नाव वारकरी. हे कळल्यावर आजींनी पाण्याच्या दिशेने हात जोडले. बाकीचे आम्ही आपापल्या बुटांकडे बघत बसकडे परतलो.

विंचूरच्या रस्त्याला कांद्याच्या ट्रॅक्टरांनी गाठलं. लासलगावचा बाजार जवळच. पुढे ट्रॉली, मागे पिकअप, मध्ये आम्ही, आणि एसी बंद पडल्यामुळे उघड्या खिडक्या. वाइनरीत उतरलो तेव्हा आमच्या अंगाला, केसांना, रुमालांना लाल कांद्याचा वास होता आणि पोटात मिसळीची शेवटची धग. तिथल्या हसतमुख मुलाने सर्वांना सांगितलं की आस्वाद घेण्याआधी नाक आणि जीभ स्वच्छ असणं फार महत्त्वाचं आहे.

आधी बाग. फेब्रुवारी असल्यामुळे काढणी चाललेली. तो मुलगा पाठ केलेलं इंग्रजीमिश्रित बोलत होता. आजींनी वेलीवरचा एक मणी तोडून तोंडात टाकला. आजींचं माहेर निफाडचं आणि हयात द्राक्षबागेत गेलेली. दोन बिया तळहातावर काढून त्यांनी त्याच्यापुढे धरल्या.

“बाळा, एवढा बारीक मणी? थिनिंग नाही केलं?”

“आजी, वाइनची द्राक्षं अशीच असतात. साल जाड, बी मोठी. रेड वाइनला रंग सालीतूनच येतो.”

“म्हणजे खायची नाहीत?”

“नाही.”

“मग किलोला भाव काय देतात?”

याचं उत्तर त्याच्या पाठांतरात नव्हतं. 

“शुगर किती भरली?” आजींनी पुढचा प्रश्न टाकला.

“तेवीस-चोवीस.”

“आमच्याकडे अठराला व्यापारी तोडून न्यायचा. डावणी आली का यंदा? छाटणी कधीची?”

मुलाचं इंग्रजी गळून पडलं. त्याच्या वडिलांची पिंपळगावला थॉमसन जातीच्या खायच्या द्राक्षांची बाग होती. ऑक्टोबर छाटणी केली की पाऊस, मणी भरले की भुरी, माल तयार झाला की गारपीट, आणि सगळ्यातून वाचलं तर भाव पडलेला. दोघं बांधावर उभे राहून बोलत होते आणि पंचवीस सुसंस्कृत माणसं हातात रिकामे ग्लास घेऊन उन्हात ताटकळत होती. आता मात्र कुणाला सातवाहन आठवत नव्हते. ठाण्याच्या काकांनी “अहो, ते आत किती वाजेपर्यंत असतं?” असं विचारून अखेर बसचं मौन मोडलं.

आत ग्लासात तळ ओला होईल एवढीच वाइन ओतली गेली. धरायचा कसा, फिरवायचा कसा, नाक कुठवर आत घालायचं, सगळं झालं. सॉव्हिन्यों ब्लांकमध्ये ढोबळी मिरचीचा गंध येतो म्हणे. “मला कांद्याचा येतोय,” ताई म्हणाली, आणि बऱ्याच माना हलल्या. शिराझमध्ये मिऱ्यांचा झटका. तो कुणालाच वेगळा ओळखता आला नाही, कारण आमच्या जिभेवर सकाळपासून झटकाच चालू होता. घोट घेऊन थुंकायला एक भांडं ठेवलं होतं. पैसे भरलेली वस्तू थुंकणारा एकही माणूस आमच्या बसमध्ये निघाला नाही.

साडूंचा ग्लास भरलेला, समोर तसाच. त्यांनी मातोश्रींपुढे प्रकरण मांडलं.

“आई, द्राक्षं उपवासाला चालतात.”

“चालतात.”

“बेदाणे चालतात. द्राक्षाचा रस चालतो.”

“चालतो.”

“मग हा रसच आहे. फळाचा. यात धान्य नाही, मीठ नाही, हळद नाही.”

आजींनी ग्लासाकडे बघितलं. “आंबवलेला आहे. उपवासाला इडली खातोस का?”

ठाण्याचे काका साडूंच्या बाजूने बोलणार होते, पण या मुद्द्यावर तेही गप्प झाले. साडूंचा ग्लास मी आणि काकांनी मिळून वाया जाऊ दिला नाही. साडूंनी तडजोड म्हणून बाटलीच विकत घेतली, चंद्रोदयानंतरसाठी. आणि बुचाबद्दल दहा मिनिटं ऐकलं असल्यामुळे शेजारच्या दुकानातून लाकडी मुठीचा, बाटलीच्या निम्म्या किमतीचा, बूच काढायचा स्क्रूही घेतला. परतीच्या वाटेवर नातेवाइकांच्या ग्रुपवर बायकोने फोटो टाकले: लेणी, लेणी, खांब, पाणी, लेणी. ‘खूप माहितीपूर्ण सहल,’ असं खाली लिहिलं.

त्या रात्री साडेनऊनंतर गच्चीत चंद्र दिसला. आरती झाली, मोदक झाले, वरणभात झाला. मग साडूंनी बाटली टेबलावर ठेवली, स्क्रू हातात घेतला, दुकानदाराने दाखवल्याप्रमाणे मनगट वळवलं आणि बाटलीच्या तोंडावर टोक टेकवलं. टोक घसरलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा घसरलं. बाटलीवर नुसता टणटण आवाज. मी मोबाइलचा उजेड धरला. ताईने सुचवलं, गरम पाण्यात बुडवा.

आजींनी बाटली ओढून घेतली, पदराने पुसली आणि मान पिळली. कट्कन आवाज होऊन झाकण हातात आलं.

“खोकल्याच्या औषधासारखं तर आहे,” त्या म्हणाल्या. मग त्याच झाकणात मोजून वाइन ओतली आणि लेकापुढे धरली. “घे. दिवसभराचं उपाशी पोट आहे, एकच झाकण. आणि पाव्हण्यांनाही एक दे.”