ज्युनिअर चेंबर सोडतो तेव्हा फाइल कुणाची?

कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (ठरावीक जिल्ह्यांसाठी बाहेर बसणारं खंडपीठ) बसायला लागलं आणि सोलापूर जिल्हा त्याच्या हद्दीत गेला. इथल्या तरुण वकिलांना सिनिअरचं चेंबर, म्हणजे त्याचं ऑफिस, सोडून तिकडे जायची वाट मोकळी झाली. जावं, जरूर जावं. पण निघताना 'माझे पक्षकार' आणि 'चेंबरचे पक्षकार' अशी वाटणी सुरू होते, तिथे माझा आक्षेप आहे. पक्षकार म्हणजे बांधावरचं झाड नव्हे, दोघांनी हक्क सांगायला. वकील कोण ठेवायचा ते त्याने ठरवायचं. ते ठरवण्याइतकी माहिती त्याला वेळेत देणं हे दोघांचंही काम.

पहिलं म्हणजे वकीलपत्र काढून बघा. एकाच वकीलपत्रावर सिनिअर आणि दोन-तीन ज्युनिअर अशा सगळ्यांच्या सह्या असतात. चेंबर सोडलं म्हणून त्यावरचं नाव गळून पडत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ नियम ४ प्रमाणे वकीलपत्र संपवायला वकिलाच्या किंवा पक्षकाराच्या सहीचा लेखी अर्ज लागतो आणि कोर्टाची परवानगीही लागते. तोवर रेकॉर्डवर तुम्हीच. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम १२ सांगतो की पुरेसं कारण आणि पुरेशी आगाऊ सूचना असल्याशिवाय घेतलेलं काम सोडायचं नाही, आणि न झालेल्या कामाची फी परत करायची. ही फी परत करायची ओळ फार थोड्यांना आठवते!

पक्षकाराला नवा वकील नेमायचा असेल तर बार कौन्सिलच्याच नियम ३९ प्रमाणे आधीच्या वकिलाची संमती लागते. ती मिळाली नाही तर कारण लिहून कोर्टाकडे अर्ज करता येतो. म्हणजे संमती अडवून पक्षकाराला कायमचा बांधून ठेवता येत नाही.

पक्षकाराला कळवायचं पत्र दोघांच्या सहीने जावं. कोण, कोणत्या तारखेपासून, कुठे जातोय, पुढची तारीख कधी, कामाचा टप्पा कोणता, आणि 'आहे त्यांच्याकडे ठेवायचं, जाणाऱ्याकडे द्यायचं की तिसऱ्याकडे' हे तीनही पर्याय. बस्स. त्यात आपली तारीफ आली की ते पत्र नियम ३६ च्या, म्हणजे काम मागण्यावरच्या बंदीच्या, अंगणात जातं. अमेरिकन बार असोसिएशननेही २०१९ च्या अभिप्राय क्रमांक ४८९ मध्ये संयुक्त पत्रालाच पसंती दिली आहे. तिथे मोठमोठ्या फर्म आहेत, इथे दोन टेबलांचं चेंबर. पक्षकाराची अडचण मात्र तीच.

खरा घात मुदतीत होतो. चादर-टॉवेलच्या व्यापारात उधारीचे चेक असतातच. चेक परतल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात तक्रार. तक्रारीला झालेला उशीर कारण पटलं तर कोर्ट माफ करू शकतं, नोटिशीचा करू शकत नाही. आता ज्युनिअर अठ्ठाविसाव्या दिवशी गेला आणि सिनिअरला वाटलं की नोटीस गेलीच असेल, तर व्यापाऱ्याने कुणाच्या नावाने बोटं मोडायची? दाव्यात कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांपर्यंत. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपील ३० दिवसांत. म्हणून जाण्याआधी चालू कामांची यादी करताना पुढच्या तारखेशेजारी 'मुदत संपण्याचा दिवस' हा वेगळा रकाना हवा. डायरीत तारखा असतात, मुदती बहुधा डोक्यातच असतात.

फाइल पक्षकाराची. फी थकली म्हणून ती अडवता येत नाही. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या २००० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वकिलाला फाइलवर धारणाधिकार, म्हणजे फी मिळेपर्यंत ती अडवून ठेवायचा हक्क, नाही आणि ती परत न करणं हे गैरवर्तन आहे. थकलेल्या फीसाठी कायद्याचा मार्ग वेगळा आहे. मूळ चेक, बँकेचा रिटर्न मेमो, खरेदीखत हे हातोहात, यादी करून, पोहोच घेऊन द्यावं. 'कारकुनाकडे दिलंय' ही पोहोच नव्हे.

नव्या चेंबरकडे समोरच्या बाजूचं काम असेल तर? ज्याने सल्ला दिला किंवा कागद तयार केले, त्याला नियम ३३ प्रमाणे विरुद्ध बाजूने उभं राहता येत नाही. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ (पुराव्याचा कायदा) याच्या कलम १३२ खालचं गुपित राखण्याचं बंधन काम संपल्यावरही टिकतं. मागच्या बाकावर बसून चिठ्ठ्या सरकवणं हाही त्याचा भंगच. त्यामुळे रुजू होण्याआधी दोन्हीकडच्या पक्षकारांची फक्त नावं ताडून बघावीत. प्रकरणाचा तपशील बोलू नये.

पक्षकारांसाठी एक. २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही; गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे, वकील कायद्याच्या कलम ३५ खाली होते. पण तिथवर जायची वेळच येऊ नये म्हणून आपल्या प्रकरणाचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (कोर्टाने दिलेला ओळख क्रमांक) मागून घ्या आणि ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲपमध्ये स्वतः तारीख बघत जा. कोर्टाचे मेसेज वकिलाच्या नोंदवलेल्या मोबाइलवर येत असतील, आणि तो वकील आता कोल्हापूरच्या गाडीत बसलेला असेल.