टेलिग्राम हा प्राचीन ग्रीक शब्द नाहीये

व्हॉट्सॲपवर परत तोच मेसेज फिरतोय, की टेलिग्राफ, टेलिग्राम हे अडीच हजार वर्षं जुने ग्रीक शब्द आहेत, तेव्हाचे ग्रीक लांबच्या निरोपाला टेलिग्रामच म्हणायचे आणि एंजल म्हणजे मुळात पंखवाला देवदूत. चांगले शिकलेले लोक पुढे ढकलतायत म्हणून राहवेना.

आधी टेलिग्राफ. तुकडे ग्रीक आहेत हे खरंय, टेले म्हणजे लांब, ग्राफेइन म्हणजे लिहिणं, पण त्यांची जोडणी केली अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये. क्लोद शापने मनोऱ्यांवर लाकडी हात हलवून निरोप धाडायची सोय केली, १७९४ ला पॅरिस ते लील लाइन सुरू पण झाली, आणि तो स्वतः आधी त्याला टाकिग्राफ म्हणजे झटपट लिहिणारं म्हणत होता, टेलिग्राफ हे नाव नंतर एका सरकारी अधिकाऱ्याने सुचवलं.

टेलिग्राम तर त्याहून नवा. १८५२ मध्ये अमेरिकेत ऑल्बनीच्या एका पेपरात सूचना आली की 'टेलिग्राफिक डिस्पॅच' एवढं लांबलचक कशाला, टेलिग्राम म्हणा. ग्रीकच्या जाणकारांनी पुढे हरकत घेतली, ग्रीक व्याकरणाने टेलिग्राफीम व्हायला हवं म्हणून. आणि आज ग्रीसमध्ये तारेला म्हणतात तिलेग्राफिमा! जुना ग्रीक शब्द असता तर ग्रीकांनीच टाकला असता का?

मग जुने ग्रीक करायचे काय? मशाली वापरायचे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने पद्धत नीट लिहून ठेवलीये, २४ अक्षरं पाच पाट्यांवर वाटायची, डावीकडच्या मशाली पाटी सांगणार, उजवीकडच्या त्या पाटीवरचं अक्षर. कप्पा, म्हणजे ग्रीकमधलं क हे अक्षर, हवं तर डावीकडे दोन मशाली, उजवीकडे पाच. एकेक अक्षर असं अंधारात वाचायचं, काय डोकं आहे! याचं कौतुक त्या मेसेजमध्ये कुठेच नाही, याचं जास्त वाईट वाटतं.

राहिला एंजल. ग्रीकमध्ये आंगेलोस म्हणजे साधा निरोप्या, राजाचा, सैन्याचा, कोणाचाही. देवाचा दूत हा अर्थ बायबलच्या ग्रीक भाषांतरातून पक्का झाला. त्याच आंगेलोसपासून युआंगेलियोन, म्हणजे चांगली बातमी, आणि आपल्याकडचे ख्रिस्ती लोक त्यालाच शुभवर्तमान म्हणतात, अगदी शब्दाला शब्द.